गवत राखले, तरी पक्षी घटत गेले: इलिनॉयमधील प्रेअरी चिकनचे प्रकरण

अधिवासाचे तुकडे पडले की प्रजाती धोक्यात येते, हे आता शाळेच्या पुस्तकातही असते. हा धोका नेमका कुठून येतो आणि किती उशिरा दिसतो, ते मात्र एखादे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या ग्रेटर प्रेअरी चिकन या पक्ष्याचे प्रकरण त्यासाठी फार उपयोगी आहे. इथे पक्ष्यांची आणि अंड्यांची मोजणी दशकानुदशके झाली, चुका आणि यश दोन्ही नोंदले गेले, आणि उपाय लागू पडल्यावरही प्रश्न संपला नाही. इलिनॉयमध्ये निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांची आणि संशोधकांची नावे इथे दिलेली नाहीत. त्यांच्यासमोर कोणत्या क्षणी काय होते, एवढेच पाहायचे आहे.

पार्श्वभूमी

इलिनॉयला ‘प्रेअरी स्टेट’ म्हणतात; प्रेअरी म्हणजे गवताळ मैदान. वसाहतकार येण्यापूर्वी राज्याचा निम्म्याहून अधिक भाग उंच गवताच्या प्रेअरीने व्यापलेला होता. या गवताच्या मुळांनी घट्ट धरलेली चिकट काळी माती लाकडी किंवा ओतीव लोखंडी नांगराला दाद देत नसे. १८३७ मध्ये जॉन डिअर या लोहाराने याच राज्यात पोलादी फाळाचा नांगर बनवला आणि पुढच्या काही दशकांत प्रेअरी उलटीपालटी झाली. मूळ स्थितीतली चांगली प्रेअरी आज तिथे एक दशांश टक्कासुद्धा शिल्लक नाही.

प्रेअरी चिकन हा कोंबडीच्या कुळातला, साधारण किलोभर वजनाचा, जमिनीवर घरटे करणारा पक्षी आहे. वसंत ऋतूत पहाटे नर एका ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात, मानेजवळच्या नारिंगी पिशव्या फुगवून घुमतात आणि पाय आपटत नाचतात. माद्या येतात, पाहतात, निवडतात. बहुतेक माद्या एकदोन नरांनाच पसंत करतात. मैदानावर पंधरा नर नाचत असले तरी पुढच्या पिढीचे बाप त्यांतले दोनतीनच असतात. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे गणित तिच्यावर उभे आहे.

सुरुवातीला शेतीने या पक्ष्याचे भलेच केले. गवताच्या अफाट पसाऱ्यात मधूनमधून धान्याची शेते आली तेव्हा घरट्यासाठी गवत आणि हिवाळ्यासाठी दाणा, दोन्ही हाताशी आले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इलिनॉयमध्ये या पक्ष्यांची संख्या लाखोंच्या घरात होती. म्हणजे अधिवास विखुरलेला असणे हे स्वतः संकट नव्हते. गवताच्या समुद्रात शेतांची बेटे होती तोवर पक्षी वाढला. शेतांच्या समुद्रात गवताची बेटे उरली तेव्हा तो कोसळला. किती तुकडे झाले यापेक्षा मधली जागा पक्ष्याला ओलांडता येते का, हा प्रश्न मोठा आहे.

१९३३ मध्ये शिकार बंद झाली तेव्हा राज्यात सुमारे २५,००० पक्षी होते. पुढेही उतार थांबला नाही. दक्षिण-मध्य भागातल्या जास्पर आणि मॅरियन या काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये) ते टिकले, कारण तिथले शेतकरी बियाण्यासाठी रेडटॉप नावाचे गवत पिकवत. त्याची कापणी पिल्ले बाहेर पडून गेल्यावर होई, त्यामुळे घरटी वाचत. कोणी पक्षिरक्षण म्हणून हे गवत लावलेले नव्हते. बाजार बदलला, सोयाबीन आले, रेडटॉप गेले. १९६२ पर्यंत राज्यात सुमारे २,००० पक्षी उरले.

पहिला निर्णय: एक मोठे रान की अनेक लहान तुकडे

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्थानिक निसर्गप्रेमींनी वर्गणी जमवून जमिनी विकत घेणे सुरू केले. त्या काळी शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात फ्रेडरिक आणि फ्रान्सिस हॅमरस्ट्रॉम हे दांपत्य याच पक्ष्यावर काम करत होते. एकच अखंड मोठे रान विकत घेण्याऐवजी शेतीच्या भागात गवताचे लहान तुकडे जवळजवळ पेरावेत, पक्षी त्यांच्यामध्ये ये-जा करील, असा त्यांचा आराखडा होता. इलिनॉयमध्येही हीच पद्धत आली.

त्या वेळेपुरता हा निर्णय मला योग्य वाटतो. सुपीक जमीन महाग होती, अखंड मोठा पट्टा मिळणे जवळपास अशक्य होते, आणि लहान तुकडे निदान मिळेल तसे घेता येत. पक्ष्यांनी प्रतिसादही दिला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जास्पर काउंटीत नाचाच्या मैदानांवर दोनशेच्या आसपास नर मोजले गेले. राखलेल्या गवतात घरट्यांची दाटी झाली.

त्याच काळात एक गोष्ट मागे पडली. राखीव तुकड्यांबाहेरचे पक्षी संपत होते. १९७२ पर्यंत राज्यातली एकूण संख्या पाचशेच्या आसपास आली. आतली संख्या वाढत असल्याने बाहेरची घट तितकी बोचली नाही. पण बाहेरचे ते विरळ पक्षीच दोन गटांमधला दुवा होते. जास्पर आणि मॅरियन या काउंट्या एकमेकींना लागून नाहीत, त्यांच्यामध्ये दुसऱ्या काउंट्यांची मका-सोयाबीनची शेती पसरलेली आहे. इतके अंतर हा पक्षी सहसा ओलांडत नाही, आणि पश्चिमेकडची मोठी संख्या तर शेकडो किलोमीटरवर होती. १९७० च्या दशकात दोन्ही गट आपापल्या बेटावर अडकले.

समस्या: गवत तेच, पक्षी कमी

यानंतरची घसरण कोड्यात टाकणारी होती. गवत कमी झाले नव्हते, उलट राखीव क्षेत्र वाढत होते. व्यवस्थापन नेटके होते: ठरलेल्या चक्राने जाळणे, कापणे, पुन्हा पेरणे. तरी मैदानांवरचे नर वर्षागणिक कमी होत गेले. १९९४ पर्यंत राज्यात पन्नासपेक्षा कमी पक्षी उरले.

संशय घ्यायला कारणे भरपूर होती. स्कंक, रॅकून, कोल्हे अशा शिकारी प्राण्यांसाठी लहान तुकडा म्हणजे शोधायला सोपी जागा. गवत कमी आणि कडा जास्त असली की घरटी सापडतात. दुसरा संशयित होता आशियातून आणलेला फेझंट हा पक्षी. फेझंटच्या माद्या प्रेअरी चिकनच्या घरट्यात अंडी घालतात. ती अंडी लवकर फुटतात, मग मादी ती परकी पिल्ले घेऊन उठते आणि तिची स्वतःची अंडी थंड पडतात. फेझंटचे नर नाचाच्या मैदानावरही त्रास देतात. हे दोन्ही धोके खरे होते आणि त्यांवर उपायही केले गेले.

या साऱ्यातून खरा धागा सापडला तो एका साध्या पण शिस्तीने ठेवलेल्या नोंदीमुळे. १९६३ पासून घरटी शोधून त्यांतल्या अंड्यांचा हिशेब ठेवला जात होता. घरटे लुटले गेले की नाही, ही एक नोंद. ज्या घरट्यावर मादी शेवटपर्यंत बसली त्यातली किती अंडी फुटून पिल्ले बाहेर आली, ही दुसरी. पहिल्या आकड्यावर शिकारी प्राण्यांचा, पावसाचा, गवताच्या उंचीचा परिणाम होतो. दुसरा आकडा बराचसा अंड्याच्या आतले सांगतो. १९३० च्या दशकात याच भागात अशा घरट्यांतली सुमारे ९३ टक्के अंडी फुटत. १९९३ पर्यंत हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. बारा अंड्यांच्या घरट्यातून पूर्वी अकरा पिल्ले निघत, तिथे आता पाचसहा. एकाही शिकारी प्राण्याने घरट्याला तोंड लावले नाही तरी एवढेच.

मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. दोन्ही आकडे एकत्र करून ‘घरट्यांचे यश’ असा एकच आकडा ठेवला असता, तर आजही शिकारी प्राण्यांवरच बोट ठेवले गेले असते.

तुकड्यात उत्क्रांती कशी चालते

अंडी का फुटत नव्हती, हे समजायला थोडे गणित लागते. एका गटातली जनुकीय विविधता दर पिढीला साधारण एक भागिले परिणामकारक संख्येची दुप्पट एवढ्या प्रमाणात गळते. परिणामकारक संख्या म्हणजे पुढच्या पिढीला प्रत्यक्षात हातभार लावणाऱ्या जिवांचा हिशेब. तो डोक्यांच्या मोजणीपेक्षा बराच लहान असतो. प्रेअरी चिकनमध्ये तर मोजकेच नर बाप होतात, त्यामुळे फारच लहान. परिणामकारक संख्या ५० असेल तर पिढीला एक टक्का विविधता जाते. १० असेल तर पाच टक्के. दहा पिढ्यांनंतर पहिल्या गटात नव्वद टक्के उरते, दुसऱ्यात साठच. या पक्ष्याचे आयुष्य कमी असल्याने दहा पिढ्या म्हणजे वीसेक वर्षांचाच काळ.

मोठ्या, जोडलेल्या समूहात नैसर्गिक निवड आपले काम करते. घातक जनुके दुर्मीळ राहतात. ती बहुधा अप्रभावी असतात, म्हणजे दोन्ही पालकांकडून आली तरच परिणाम दाखवतात. लहान, अलग तुकड्यात निवडीचा जोर कमी पडतो आणि योगायोगाचा वाढतो. कोणते जनुक टिकायचे हे त्याच्या गुणावर ठरत नाही, त्या वर्षी कोणता नर जगला यावर ठरते. थोड्याच पिढ्यांत सगळे एकमेकांचे नातेवाईक होतात, दडलेली जनुके जोडीने समोर येतात, भ्रूण अंड्यातच मरतात. पक्षी कमी झाले की नात्यातले संकर वाढतात, त्यामुळे पक्षी आणखी कमी होतात. मायकेल गिल्पिन आणि मायकेल सुले या जीवशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये या भोवऱ्याचे वर्णन केले होते. जास्पर काउंटीत तो घरट्यागणिक मोजला गेला.

सर्वच प्रजातींवर तुकड्यांचा परिणाम असा संथ झिजवणाऱ्या योगायोगाचाच असतो असे नाही. कधी निवड वेगाने दिशा बदलते. फ्रान्समधील माँपेलिए शहरात फरसबंद रस्त्याकडेला झाडांच्या आळ्यांत क्रेपिस सँक्टा नावाचे रानफूल उगवते. त्याची काही बीजे वाऱ्यावर उडतात, काही जड असतात आणि तिथेच पडतात. उडालेले बी बहुधा फरशीवर पडून वाया जाते. तिथल्या क्रेपिसच्या रोपांत मोजक्याच पिढ्यांत न उडणाऱ्या बीजांचे प्रमाण वाढले, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. दूर जाणे महाग पडले की उत्क्रांती घरकोंबडेपणाला बक्षीस देते. त्याने तुकडा आज टिकतो, पण एक तुकडा रिकामा झाला तर दुसऱ्यातून येऊन तो भरणारे कोणी उरत नाही.

समोरचे पर्याय

१९९० च्या सुमारास चित्र असे होते: दोन अलग गट, दोन्ही घटते, निम्मी अंडी न फुटणारी. कोणते मार्ग शक्य होते?

एक मार्ग होता गवत वाढवत राहण्याचा. त्याला विरोध करण्यासारखे काही नव्हते, पण त्याचे फळ यायला वर्षे लागतात, आणि अंडे आतून मरत असेल तर बाहेरच्या गवताने ते फुटत नाही. दुसरा मार्ग फेझंट आणि शिकारी प्राण्यांवर अधिक कडक नियंत्रणाचा. तो चालूच होता. तिसरा, बंदिस्त पैदास. याच प्रजातीच्या टेक्सासमधील उपप्रजातीसाठी, म्हणजे अॅटवॉटरच्या प्रेअरी चिकनसाठी, १९९२ मध्ये तो स्वीकारला गेला, कारण तिला बाहेरून आणायला दुसरे कोणी नव्हते. इलिनॉयच्या पक्ष्यांना होते. कॅन्सस, नेब्रास्का आणि मिनेसोटात याच उपप्रजातीचे मोठे समूह होते.

चौथा मार्ग म्हणजे तिथून पक्षी आणणे. त्यावरचा आक्षेप गंभीर होता आणि तो झटकून टाकू नये. इलिनॉयचे पक्षी त्या मातीशी, त्या हवामानाशी जुळवून घेतलेले असू शकतात. बाहेरचे रक्त मिसळले तर ती जुळणी विस्कटेल, आणि जे वाचवायचे तेच पुसले जाईल. नव्या पक्ष्यांबरोबर रोग येण्याचीही शक्यता असते.

पाचवा मार्ग काहीच न करण्याचा. त्याचे उदाहरण इतिहासात होते. याच प्रजातीची पूर्वेकडची उपप्रजाती, हीथ हेन, शेवटी मार्थाज व्हिनयार्ड या एकाच बेटावर उरली होती. १९०८ मध्ये तिथे राखीव क्षेत्र झाले, संख्या चांगली वाढली, आणि १९१६ मध्ये एका आगीने घरटी व माद्या नेल्या. पुढे कडक हिवाळा, शिकारी पक्षी, रोग, नात्यातले संकर. १९३२ मध्ये शेवटचा पक्षी दिसला. एकाच तुकड्यावर सगळी भिस्त ठेवली की एक वाईट वर्ष पुरते.

कृती

१९९२ मध्ये पक्षी आणायला सुरुवात झाली. पुढच्या काही वर्षांत मिनेसोटा, कॅन्सस आणि नेब्रास्कातून एकूण २७१ पक्षी सोडले गेले.

निर्णयाच्या वेळेकडे लक्ष द्यावे. जनुकीय पुरावा तेव्हा हातात पूर्ण नव्हता. संग्रहालयांत ठेवलेल्या १९३० आणि १९६० च्या दशकांतल्या इलिनॉयच्या पक्ष्यांच्या नमुन्यांतून डीएनए काढून तेव्हाच्या पक्ष्यांशी केलेली तुलना १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत डीएनएवरच्या तपासलेल्या सहा जागांवर जुन्या इलिनॉय पक्ष्यांत सरासरी ५.२ पर्यायी जनुकरूपे (एकाच जागी आढळणारे वेगवेगळे प्रकार) होती, १९९० च्या दशकातल्या पक्ष्यांत ३.७. कॅन्सस आणि नेब्रास्कात ५.८. म्हणजे पूर्वी इलिनॉयही इतरांसारखेच समृद्ध होते, विविधता गेली ती मधल्या काळात. आणि तेव्हा उरलेले एकही रूप असे नव्हते की जे इतर राज्यांत नाही. मिसळण्याचा धोका कमी होता याला त्यातून आधार मिळाला. तो आधार पूर्ण मात्र नाही. तपासलेल्या जागा निवडीशी संबंध नसलेल्या होत्या, जुळवून घेण्याच्या जनुकांबद्दल त्या काही सांगत नाहीत.

अहवाल येईपर्यंत थांबायचे ठरले असते तर तुलना करायला पक्षी उरले नसते, असे मला मनापासून वाटते. अंड्यांची तीस वर्षांची नोंद हाच कृतीला पुरेसा आधार होता.

निष्पत्ती

अंडी पुन्हा फुटू लागली. प्रमाण लवकरच नव्वद टक्क्यांवर गेले. त्याच गवतात, तेच शिकारी प्राणी आसपास असताना, केवळ नवे जनुक आल्याने हा फरक पडला. विलगतेचा तोटा शरीरात कुठे बसतो, याचा इतका थेट पुरावा रानातल्या कामातून क्वचितच मिळतो. नंतरच्या तपासण्यांत आणलेल्या पक्ष्यांची जनुके स्थानिक पिढ्यांत मिसळल्याचेही दिसले. मैदानांवर पुन्हा नर वाढले.

पण तुकडे तेवढेच राहिले आणि त्यांच्यातले अंतरही. गटांची परिणामकारक संख्या लहानच होती, त्यामुळे विविधतेची गळती दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा सुरू झाली. संख्या नंतर परत खाली आली, आणि २०१४ मध्ये कॅन्ससमधून पुन्हा पक्षी आणावे लागले.

वेगळे काय करता आले असते

पहिली गोष्ट वेळेची. उपाय १९९२ मध्ये झाला, पण अंडी फुटण्याचे प्रमाण त्याआधी बरीच वर्षे घसरत होते आणि त्याची नोंद होत होती. प्रमाण अमुक आकड्याखाली सलग तीन हंगाम राहिले तर पक्षी आणायचे, असा नियम आधीच ठरवून ठेवला असता तर दीडदोनशे पक्षी हाताशी असताना काम सुरू झाले असते. तेव्हा बाहेरचे थोडे पक्षी पुरले असते आणि स्थानिक जनुकांचा वाटाही मोठा राहिला असता. उशीर झाल्याने २७१ आणावे लागले, ज्या गटात पन्नासही उरले नव्हते त्यात. स्थानिकपणा जपण्याच्या काळजीने थांबणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा: उशीर केल्यानेच स्थानिकपणा अधिक विरघळतो.

दुसरी गोष्ट जमिनीची. १९६० आणि ७० च्या दशकांत जमीन घेताना ‘किती एकर’ हा मुख्य प्रश्न होता. ‘या तुकड्यापासून पुढच्या तुकड्यापर्यंत मादी उडून जाईल का’ हा प्रश्न दोन काउंट्यांच्या पातळीवर विचारला गेला नाही. काउंटीच्या आत तुकडे जवळ होते, तिथे आराखडा बरोबर चालला. काउंट्यांच्या मध्ये, ओढा ओलांडायला टाकलेल्या दगडांसारखे, चारदोन लहान तुकडे घेतले असते तर ते स्वतः फारसे पक्षी पोसू शकले नसते, म्हणून वार्षिक मोजणीत ते वाया गेल्यासारखे दिसले असते. हा मोह आजही जमीन घेणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे असतो. रिचर्ड लेव्हिन्स या अभ्यासकाने १९६९ मध्येच मांडले होते की विखुरलेल्या तुकड्यांतली प्रजाती टिकते ती रिकामे होणारे तुकडे पुन्हा भरले जाण्याच्या वेगावर. रिकामा तुकडाही त्या हिशेबात मोलाचा असतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पक्षी आणणे हे एकदाचे औषध म्हणून पाहिले गेले. खरे तर ते गवताळ पट्ट्याने पूर्वी फुकट केलेल्या कामाची भरपाई आहे, आणि ते काम दर पिढीला होत होते. दर पिढीला निदान एक बाहेरचा जीव प्रजननात सामील झाला तर विविधतेची गळती बरीच रोखता येते, असा जुना ठोकताळा आहे. या पक्ष्यात बहुतेक नर बाप होत नाहीत आणि नव्या जागी सोडलेले बरेच पक्षी पहिल्याच हंगामात मरतात, म्हणून एकाऐवजी पाचदहा धरावेत, आणि माद्यांवर भर द्यावा, कारण मैदानावर जागा मिळवण्याची झुंज त्यांना लढावी लागत नाही. दर दोनतीन वर्षांनी असे थोडे पक्षी आणण्याचा खर्च अंदाजपत्रकात कायमचा धरायला हवा होता, जसा गवत जाळण्याचा आणि कापण्याचा धरला जातो. दोन काउंट्यांमधला पट्टा गवताने जोडला जाईपर्यंत ही नेआण थांबवता येणार नाही, आणि तो पट्टा जोडायला सुरुवात झाल्याशिवाय नेआणीची मुदतही ठरवता येणार नाही.